सायकल जड का चालते? गोव्यातील रोजच्या प्रवासात या चुका टाळा

चोडणहून पणजीला कामावर जाण्यासाठी मी गेली काही वर्षे सायकल वापरतो. फेरीबोटीने मांडवी ओलांडून रायबंदरला उतरल्यावर पणजीपर्यंतचे अंतर साधारण पाच किलोमीटर आहे आणि त्याचा मोठा भाग सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी बांधलेल्या सरळ, सपाट कॉजवेवरून, म्हणजे पाणथळ भागातून काढलेल्या बांधरस्त्यावरून, जातो. वाटेत म्हणावा असा चढ नाही. तरीही माझे पाहून सायकल सुरू केलेल्या अनेक परिचितांनी ती दोन-तीन महिन्यांत सोडून दिली आणि कारण विचारले असता बहुतेकांनी एकच सांगितले, की सायकल फार जड चालते. त्यांच्या सायकली हाताळून पाहिल्यावर मला आढळले, की एखादी लहान चूक महिनोन्‌महिने तशीच राहून गेलेली असते. तिचे मूळ न शोधता माणूस एकतर नवी सायकल घ्यायला निघतो किंवा पुन्हा स्कूटरवर बसतो.

सर्वांत मोठे कारण चाकातील हवा हेच आहे. रबरी ट्यूबमधून हवा हळूहळू आपोआप झिरपत असते, त्यामुळे पंक्चर नसतानाही दोन-तीन आठवड्यांत चाक मऊ पडते. अंगठ्याने टायर दाबून अंदाज घेण्याची सवय अनेकांना असते, पण हा अंदाज फसवा ठरतो, कारण निम्मी हवा असलेला टायरसुद्धा बोटाला कडकच लागतो. किती दाब हवा ते टायरच्या बाजूवर पीएसआय या दाबाच्या एककात छापलेले असते. छापलेल्या कमाल आकड्यापेक्षा थोडी कमी, परंतु किमान आकड्यापेक्षा नक्की अधिक हवा ठेवावी. वजनाचा जास्त भाग मागच्या चाकावर येत असल्याने त्यात थोडी जास्त भरावी. दाब दाखवणारा उभा पंप घरी असणे हा मी या प्रवासातील सर्वांत उपयोगी खर्च मानतो. पहाटे पाव घेऊन येणाऱ्या पोदेराच्या सायकलीकडे एकदा नीट पाहावे. मागच्या कॅरिअरवर भलीमोठी टोपली असूनही ती सहज पुढे जाते, कारण तिचे टायर कधी ढिले नसतात आणि सारे ओझे कॅरिअरवर असते, पाठीवर नसते. आपल्या दमट हवेत पाठीवर बॅग घेऊन सायकल चालवली तर ऑफिसला पोहोचेपर्यंत शर्ट भिजतो आणि दोष मात्र सायकलीला दिला जातो.

सीट खाली ठेवणे ही दुसरी चूक. दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत असे वाटून अनेकजण सीट खाली घेतात. मग गुडघा सतत दुमडलेला राहतो, पायांना पूर्ण जोर लावता येत नाही आणि काही दिवसांत गुडघ्याच्या पुढच्या भागात दुखू लागते. सीटवर बसून, पॅडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. म्हणजे प्रत्यक्ष चालवताना, तळव्याचा पुढचा भाग पॅडलवर असताना, गुडघ्यात हलकीशी दुमड राहते. थांबताना सीटवरून पुढे उतरण्याची सवय दोन दिवसांत होते.

पंक्चर आणि त्यामागचे कारण

एका पावसाळ्यात पंधरवड्यात माझे मागचे चाक तीन वेळा बसले. प्रत्येक वेळी दुकानात ट्यूबला पॅच लावून चाक परत मिळाले आणि प्रत्येक वेळी मी समाधानाने घरी आलो. तिसऱ्या वेळी घरी आल्यावर मी स्वतः चाक उघडले, तेव्हा तिन्ही पॅच जवळजवळ एकाच जागी असल्याचे दिसले. टायरच्या आत केसाएवढी बारीक तार अडकलेली होती आणि ती दर वेळी नव्याने टोचत होती. पॅच लावणे म्हणजे पंक्चर दुरुस्त करणे नव्हे, हे मला तेव्हा पुरते कळले.

भोक कोठे आहे यावरून कारण ओळखता येते. ट्यूबच्या बाहेरच्या बाजूला एकच भोक असेल, तर काटा, तार किंवा काच टायरमधून आत आली आहे, आणि ती वस्तू अजून तिथेच असण्याची शक्यता मोठी असते. कापसाचा बोळा टायरच्या आतून फिरवला की जिथे तो अडकतो तिथे ती वस्तू सापडते. शेजारी-शेजारी दोन चिरा पडल्या असतील, तर हवा कमी असताना चाक खड्ड्यात आपटून ट्यूब रिमच्या कडांत चिमटली आहे. अशा वेळी उपाय पॅचइतकाच हवेच्या दाबातही आहे. रिमकडच्या, म्हणजे आतल्या, बाजूला भोक असेल तर रिमपट्टी, म्हणजे स्पोकची टोके झाकणारी रिमवरची पट्टी, सरकून ती टोके ट्यूबला लागत आहेत असे समजावे. टायर बसवताना त्यावरील कंपनीचे नाव नेहमी व्हॉल्व्हच्या शेजारी येईल असे ठेवले, तर ट्यूबवरील भोक टायरवर नेमके कोठे येते ते लगेच मोजता येते. एवढी एक सवय लावून घेतली तरी पुष्कळ वेळ वाचतो.

पॅच सुटण्याचे कारण बहुधा घाई असते. ट्यूब पूर्ण कोरडी करून पॉलिश पेपरने घासावी, सोल्यूशन पातळ पसरावे आणि त्याचा ओलसरपणा जाईपर्यंत पाच मिनिटे थांबून मगच पॅच दाबावा. ओल्या सोल्यूशनवर लावलेला पॅच पावसाळ्यात फार दिवस टिकत नाही.

चेन, खारी हवा आणि लाल माती

गोव्यातील सायकलीचा खरा शत्रू गंज आहे. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, खाडीकाठची खारी हवा आणि जांभ्याची बारीक लाल माती या तिन्ही गोष्टी चेनवर एकत्र येतात. चेन कुरकुरू लागली की तिच्यावर वरून भरपूर तेल ओतणे ही इथली नेहमीची चूक आहे. जास्तीचे तेल मातीला धरून ठेवते आणि त्याचा दाट चोथा होतो, जो पॉलिश पेपरसारखा लोखंड झिजवत राहतो. चेन आधी जुन्या कापडाने कोरडी पुसावी, मग पॅडल उलटे फिरवत प्रत्येक रोलरवर तेलाचा एकेक थेंब सोडावा, थोड्या वेळाने बाहेरचे तेल पुन्हा पुसून टाकावे. तेल आतल्या सांध्यांना हवे असते, बाहेरच्या पट्ट्यांना केवळ गंज न चढण्यापुरता त्याचा हात पुरेसा असतो. खोबरेल तेल हाताशी असले तरी ते या कामाचे नाही, कारण ते लवकर चिकट होते. पावसाळ्यात मी हे काम आठवड्यातून एकदा, तर समुद्रकाठच्या रस्त्याने जाऊन आलो की त्याच दिवशी, गोड्या पाण्याने चेन धुऊन आणि वाळवून करतो.

जोर लावताच पॅडल घसरत असेल, तर गिअरची तार ओढत बसण्याआधी पट्टी घेऊन चेन मोजावी. नव्या चेनमध्ये चोवीस सांध्यांची लांबी पिनच्या मध्यापासून मध्यापर्यंत बरोबर बारा इंच भरते. ती दीड मिलिमीटरने वाढली असेल तर चेन बदलावी. तीन मिलिमीटरने वाढेपर्यंत थांबलात, तर मागच्या चक्राचे दातही झिजलेले असतात आणि झिजलेल्या दातांवर नवी चेन घसरतच राहते.

घरी आणलेल्या भिजलेल्या सायकलीवर प्लास्टिकचे आवरण घट्ट गुंडाळू नये. आतला ओलावा बाहेर पडत नाही आणि उघड्यावर ठेवलेल्या सायकलीपेक्षा झाकलेली सायकल लवकर गंजते. छपराखाली, वारा लागेल अशी उभी करणे पुरेसे आहे.

पावसात थांबणे

जुन्या पद्धतीच्या सायकलीला पोलादी, चकचकीत रिम असते आणि ती ओली झाली की ब्रेकचे रबर तिच्यावरून अक्षरशः सरकते. ॲल्युमिनियमच्या रिमचे तितके होत नाही, तरी थांबण्याचे अंतर वाढतेच. म्हणून थांबायच्या जागेच्या बरेच आधी ब्रेक हलके दाबून रिमवरचे पाणी पुसून घ्यावे आणि मग खरा जोर द्यावा. पुढच्या ब्रेकला घाबरून तो कधीच न वापरणे ही चूक आहे, कारण कोरड्या रस्त्यावर सायकल मुख्यतः पुढच्याच ब्रेकने थांबते. मात्र ओल्या लोखंडी झाकणावर आणि रस्त्यावरील रंगीत पट्ट्यांवर तो अचानक दाबू नये. ब्रेकच्या रबरात वाळूचे आणि धातूचे कण रुतले की किंचाळल्यासारखा आवाज येतो; ते कण सुईच्या टोकाने काढले की आवाज थांबतो आणि रिमही वाचते.

फेरीचा धक्का ही माझ्या मते या प्रवासातील सर्वांत धोक्याची जागा आहे. भरती-ओहोटीत भिजणाऱ्या उतारावर शेवाळ चढलेले असते, फेरीचा लोखंडी तळ ओला असतो आणि मागून मोटारसायकली घाई करत असतात. सायकलीवरून उतरून, दोन्ही ब्रेकवर बोटे ठेवून, काठापासून थोडे आत राहून चालत जावे. एका हातात छत्री धरून सायकल चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की असे करू नये. कॉजवेवर खाजनांवरून, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनींवरून, येणारा वाऱ्याचा एक झोत पुरेसा असतो. लांब रेनकोट चेनमध्ये अडकतो. आखूड जॅकेट, दोन्ही चाकांना पूर्ण मडगार्ड आणि बॅगेत कोरडे कपडे एवढी तयारी पुरते.

रस्त्याच्या अगदी कडेने जाणे सुरक्षित वाटते, पण ते तसे नसते. डांबराची कड तुटलेली असते, तिच्याखाली चिकट माती असते आणि उभ्या गाड्यांची दारे अचानक उघडतात. कडेपासून दोन-तीन फूट आत, एका सरळ रेषेत चालवावे. म्हापशाहून पणजीला येणाऱ्यांनी हमरस्ता टाळून साळगाव, पिळर्ण, वेरेंमार्गे बेतीची फेरी गाठण्याचा विचार करावा. अंतर थोडे वाढते, परंतु पर्वरीची वर्दळ आणि उतार दोन्ही टळतात. पणजीतील आल्तिनो टेकडीसारखा चढ असेल, तर गिअर चढाच्या आधीच हलका करावा, कारण पूर्ण जोर देत असताना गिअर बदलला की चेन उतरते. संध्याकाळी परतताना मागे स्थिर लाल दिवा हवा. गावातील आतल्या रस्त्यांवर तो नसेल, तर मागून येणाऱ्याला सायकल फार उशिरा दिसते.

पॅडलमधून टकटक आवाज येत असेल, तर ते घट्ट करताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, म्हणून ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने आवळले जाते. एका दुकानात माझे डावे पॅडल उजव्यासारखे जोर लावून फिरवले गेले, त्यात क्रँकचे, म्हणजे पॅडल ज्यात बसते त्या दांड्याचे, आटे गेले आणि अख्खी क्रँक बदलावी लागली. पॅडल बसवताना सुरुवातीचे फेरे हातानेच फिरवावेत, आणि ते सहज जात नसेल तर पान्याला हात न लावता बाजू तपासून पाहावी.