लढाऊ विमानांची आवड डोळस कशी करावी

लढाऊ विमान आवडते असे सांगणाऱ्याला त्याचे कारण विचारले, तर उत्तर बहुधा वेगापाशी किंवा देखणेपणापाशी येऊन थांबते. ही दोन्ही कारणे खरी असली, तरी त्यांच्या आधारावर आवड फार काळ तग धरत नाही. ज्यांची आवड वर्षानुवर्षे टिकते, त्यांना आपल्या विमानाबद्दल दोन गोष्टी नेमक्या ठाऊक असतात: ते कोणत्या कामासाठी बनवले गेले, आणि ते काम साधताना रचनाकाराने कशावर पाणी सोडले. सर्व गुण एकत्र असलेले लढाऊ विमान आजवर कोणालाही बनवता आलेले नाही. म्हणून प्रत्येक विमानात एक निवड दडलेली असते, आणि ती निवड शोधून काढणे हेच या छंदाचे खरे काम आहे.

नागपूरच्या रहिवाशाला या छंदात एक अडचण येते. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय फुटाळा तलावाजवळच्या वायुसेना नगरात आहे, परंतु पुण्याच्या लोहगावप्रमाणे येथे लढाऊ विमानांचा तळ नाही. पुण्यातल्या शाळकरी मुलाला सुखोईचा आवाज रोजचा असतो. नागपूरच्या विमानतळाजवळच्या सोनेगाव परिसरातल्या मुलाला तो योग क्वचित येतो. मला यात मोठे नुकसान वाटत नाही. जे विमान आकाशात काही सेकंदच दिसणार आहे, ते ओळखण्याची तयारी आधी घरी करावी लागते, आणि या तयारीतच अभ्यासाची गोडी लागते.

आधी आकार, मग नाव

सुरुवात भारतीय हवाई दलाच्या विमानांपासून करावी, कारण ती प्रत्यक्ष दिसण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे आणि त्यांच्याविषयी मराठी वर्तमानपत्रांतही वाचायला मिळते. विमान पाहताना रंग आणि खुणा यांकडे आधी लक्ष देऊ नये. दूरवरून सगळीच विमाने राखाडी दिसतात. पाहण्याचा क्रम ठरवून घ्यावा: प्रथम उभ्या शेपट्या किती, मग मुख्य पंखांच्या पुढे छोटे पंख म्हणजे कॅनार्ड आहेत का, मग पंखांचा आकार, आणि शेवटी हवा आत घेणारी तोंडे कोठे आहेत.

दोन उभ्या शेपट्या असतील, तर विमान सुखोई-३० एमकेआय किंवा मिग-२९ यांपैकी एक असते. सुखोईला कॅनार्ड असतात, वैमानिकांची आसने एकामागे एक अशी दोन असतात आणि दोन इंजिनांच्या मधून मागे निघालेला लांब दांडा खालून स्पष्ट दिसतो. मिग-२९ ला कॅनार्ड नसतात आणि ते सुखोईपेक्षा बरेच लहान असते. एकच उभी शेपटी आणि कॅनार्ड असतील, तर ते राफेल असते. एकच शेपटी असून कॅनार्ड नसतील आणि पंख त्रिकोणी असतील, तर मिराज-२००० आणि तेजस यांत निवड करावी लागते. मिराजच्या पंखाची पुढची कड सरळ रेषेत मागे जाते, तर तेजसच्या पंखाच्या कडेला मध्येच वळण असते. पंख धडाच्या वरच्या बाजूला बसवलेले असून मागे आडवी शेपटी खाली झुकलेली असेल, तर ते जग्वार असते. एवढी खूणगाठ बांधली की सध्या सेवेत असलेल्या जवळपास सर्व लढाऊ विमानांचा उलगडा होतो.

ओळख पक्की करण्यासाठी छायाचित्रांपेक्षा रेखाटनाचा उपयोग अधिक होतो. वरून, बाजूने आणि समोरून दिसणाऱ्या आकृत्या समोर ठेवून त्या हाताने काढाव्यात. चित्रकला येत नसली तरी हरकत नाही. पंख नेमका कोठून सुरू होतो हे हाताने एकदा काढले की डोळा ते विसरत नाही.

एक विमान निवडून त्याला प्रश्न विचारावेत

यानंतर एकच विमान निवडावे आणि काही महिने त्याच्यासोबतच राहावे. एकाच वेळी वीस विमानांची माहिती गोळा करणाऱ्याच्या हाती आकड्यांपलीकडे काही लागत नाही. निवडलेल्या विमानाला तीन प्रश्न विचारावेत: ते कोणत्या धोक्याला उत्तर म्हणून जन्मले, त्याचा आकार असाच का आहे, आणि त्याबदल्यात त्याला काय सोसावे लागले.

मिग-२१ चे उदाहरण येथे सर्वांत उपयोगी आहे, आणि हे विमान मला इतर सर्व विमानांपेक्षा प्रिय आहे हेही सांगितले पाहिजे. उंचावरून वेगाने येणाऱ्या बाँबर विमानांना अडवण्यासाठी झटकन वर चढणारे, ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे आणि मोठ्या संख्येने बनवता येणारे विमान सोव्हिएत संघाला १९५० च्या दशकात हवे होते. म्हणून एका शक्तिशाली इंजिनाभोवती शक्य तितके बारीक धड बांधले गेले आणि त्याला पातळ त्रिकोणी पंख दिले गेले. नाकाच्या टोकाला दिसणारा शंकू शोभेचा नाही. ध्वनीहून अधिक वेगात त्याच्यामुळे आघात-लहरी, म्हणजे हवेच्या दाबाच्या तीव्र लहरी, निर्माण होतात आणि इंजिनात शिरण्यापूर्वी हवेचा वेग कमी होतो; वेगानुसार तो शंकू पुढे-मागे सरकतो. मात्र याच रचनेने विमानाच्या मर्यादाही ठरवल्या. रडार त्या शंकूतच बसवावे लागल्यामुळे ते लहान राहिले, बारीक धडात इंधन कमी मावले, आणि छोट्या पातळ पंखांमुळे उतरण्यासाठी धावपट्टीकडे येतानाचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे ठेवावा लागला. नवशिक्या वैमानिकासाठी हे विमान कठीण होते, आणि त्याच्या अपघातांत भारताने अनेक तरुण वैमानिक गमावले. विमानावर प्रेम करणाऱ्याने हा भागही तितक्याच गांभीर्याने वाचला पाहिजे.

तरीही १९६३ मध्ये भारतात आलेले हे विमान १९७१ च्या युद्धात निर्णायक ठरले. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यातील गव्हर्नर हाऊसवर, म्हणजे पूर्व पाकिस्तानच्या गव्हर्नरच्या निवासस्थानावर, झालेल्या हल्ल्यात मिग-२१ विमानांनी रॉकेट डागली. हवाई युद्धासाठी घडवलेले विमान अशा अचूक कामालाही उपयोगी पडले. पुढे नव्या रडारसह बायसन आवृत्ती आली, आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे या विमानाला निरोप देण्यात आला. एकाच आराखड्याने बासष्ट वर्षे सेवा द्यावी ही घटना असामान्य आहे, आणि या विमानाच्या चाहत्यांना ते इतके जवळचे का वाटते याचे उत्तर बऱ्याच अंशी तिच्यात आहे.

याच तीन प्रश्नांनी एचएफ-२४ मारुतकडे पाहिले, तर अगदी निराळे चित्र दिसते. जर्मन रचनाकार कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली हिंदुस्थान एअरक्राफ्टने बंगळूरमध्ये घडवलेले हे विमान १७ जून १९६१ रोजी प्रथम उडाले. त्याचा बांधा ध्वनीचा वेग सहज ओलांडेल अशा इंजिनासाठी आखलेला होता, परंतु ते इंजिन कधीच मिळाले नाही आणि आफ्टरबर्नर (जास्त जोरासाठी इंजिनाच्या मागच्या भागात आणखी इंधन जाळणारी यंत्रणा) नसलेल्या ऑर्फियस इंजिनांच्या जोडीवर भागवावे लागले. कागदावर पाहिले तर ही फसलेली योजना आहे. मात्र जमिनीलगत वेगाने उडताना त्याचे स्थैर्य उत्तम होते, आणि दोन इंजिनांमुळे एक बंद पडले तरी परतण्याची आशा राहत असे. १९७१ मध्ये राजस्थानच्या आघाडीवर वैमानिकांनी त्याच्यावर विश्वास टाकला, तो या गुणांमुळे. केवळ कमाल वेगाचा आकडा पाहणाऱ्याला मारुत कधीच आवडणार नाही.

मिराज-२००० चा अभ्यास करणाऱ्याने त्रिकोणी पंखाची जुनी खोड समजून घ्यावी. असा पंख हलका आणि मजबूत असतो, त्यात इंधन भरपूर मावते आणि तो वेगात हवेचा अडथळा कमी करतो. पण तीव्र वळण घेताना विमानाचा वेग झपाट्याने उतरतो. दसॉ या फ्रेंच कंपनीने मिराज-२००० मध्ये बांधा मुद्दाम थोडा अस्थिर ठेवला आणि संगणकाच्या मदतीने होणाऱ्या नियंत्रणावर त्याचा तोल सोपवला, त्यामुळे जुन्या पंखाला नवी चपळाई मिळाली. भारतात १९८५ पासून असलेल्या या विमानाने कारगिलच्या युद्धात जून १९९९ मध्ये टायगर हिलवर लेझरने दिशा दिलेले बाँब टाकले. तेजसमध्येही हाच विचार पुढे गेलेला दिसतो, मात्र तेथे विमान शक्य तितके लहान आणि हलके ठेवण्याचा आग्रह होता.

आकडे वाचताना घ्यायची काळजी

माहितीपत्रकातला कमाल वेग हा बहुधा उंचावरचा आणि शस्त्रे अगदी कमी असतानाचा असतो. पंखांखाली बाँब आणि इंधनाच्या टाक्या लटकवल्यावर ध्वनीच्या दुप्पट वेगाचे विमानही त्या वेगाच्या जवळ फिरकत नाही. पल्ल्याचेही तसेच आहे: रिकाम्या विमानाने एका तळावरून दुसऱ्या तळावर जाण्याचे अंतर वेगळे, आणि शस्त्रांसह जाऊन लढून परत येण्याचे अंतर वेगळे, दुसरे नेहमीच बरेच कमी असते. नागपूरकरांना आणखी एक गोष्ट सहज पटेल. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की हवा विरळ होते, त्यामुळे पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो आणि विमानाला उड्डाणासाठी धावपट्टी जास्त लागते. थंड प्रदेशात मोजलेला आकडा येथे तसाच्या तसा लागू पडत नाही.

युद्धात कोणी किती विमाने पाडली याविषयी दोन्ही बाजूंचे दावे वाचावेत आणि मगच मत बनवावे. हवेतल्या धुमश्चक्रीत प्रामाणिक वैमानिकाचाही अंदाज चुकू शकतो.

प्रत्यक्ष पाहणे

वायुसेना नगरात एअर फेस्ट भरतो तेव्हा तो चुकवू नये. नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथे सूर्यकिरण पथकाने कसरती केल्या होत्या. हे पथक हॉक विमाने वापरते. हॉक हे प्रशिक्षणाचे विमान असले, तरी त्याच्यात जग्वारच्याच अडूर कुळातले इंजिन आहे, फक्त एकच आणि आफ्टरबर्नरशिवाय. हे माहीत असेल तर त्याचा आवाजही लक्षपूर्वक ऐकावासा वाटतो. अशा प्रदर्शनाला ८ बाय ४२ ची, म्हणजे आठ पट मोठे दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची, दुर्बीण पुरते. त्याहून जास्त मोठे दाखवणारी दुर्बीण हातात हलते आणि वेगवान विमान तिच्या दृष्टिक्षेत्रात सापडत नाही. नागपुरात पावसाळ्यानंतरचे महिने निरभ्र असतात. उन्हाळ्यात धुरळ्यामुळे कडा अस्पष्ट दिसतात.

जवळून पाहायचे असेल तर संग्रहालय गाठावे. दिल्लीत पालम येथे हवाई दलाच्या संग्रहालयात नॅट, हंटर आणि मारुत ही जुनी लढाऊ विमाने एकाच भेटीत पाहता येतात, आणि बंगळूरचे एचएएलचे (हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे) संग्रहालयही पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्रातच मुंबईच्या वरळीतील नेहरू विज्ञान केंद्रात मारुत ठेवलेले आहे. तेथे गेल्यावर विमानासमोर उभे राहून छायाचित्र काढण्यात वेळ घालवण्याऐवजी चाकांच्या कप्प्यात, हवेच्या तोंडात आणि पंखाच्या मागच्या कडेवर नजर फिरवावी. नॅटजवळ उभे राहिल्यावर ते किती लहान आहे हे प्रथमच उमगते, आणि १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर चालून आलेल्या पाकिस्तानी सेबर विमानांशी फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों अशाच विमानातून लढले, हे लक्षात आल्यावर त्या लहानपणाचा अर्थ बदलतो.

हवाई दलाच्या तळांच्या आसपास छायाचित्रे काढण्यास मनाई असते आणि ती काटेकोरपणे पाळावी. सोनेगावला एखादे लढाऊ विमान उतरलेले दिसले, तर त्याची वेळ आणि संख्या समाजमाध्यमांवर टाकू नये. आपल्या वहीत नोंद केली तर छंदाला तेवढे पुरे आहे.

प्रतिकृती आणि दुसरे विमान

प्रतिकृती बनवायची असेल, तर सर्व विमाने एकाच प्रमाणात घ्यावीत. १:७२ हे प्रमाण घरात मावणारे आणि सहज मिळणारे आहे. या प्रमाणात मिग-२१ सुमारे २० सेंटिमीटर, सुखोई-३० सुमारे ३० सेंटिमीटर आणि नॅट जेमतेम १२ सेंटिमीटर लांब होते, त्यामुळे आकारातले अंतर कोणत्याही तक्त्यापेक्षा स्पष्ट कळते. पहिल्याच प्रतिकृतीवर महागडी रंगसामग्री खर्च करू नये. भाग नीट तासून जोडणे आधी साधावे, रंग नंतर.

दुसरे विमान निवडताना ते पहिल्याच्या विरुद्ध वृत्तीचे असावे. मिग-२१ नंतर जग्वार घ्यावे, कारण एक उंचावर चढून अडवण्यासाठी घडलेले आहे आणि दुसरे जमिनीला चिकटून शत्रूच्या हद्दीत शिरण्यासाठी. जग्वारच्या चाकांचे लांब मजबूत पाय, वर बसवलेले पंख आणि पंखांच्या वरती बसणारी क्षेपणास्त्रे या तिन्हींमागची कारणे त्या कामात सापडतात. राफेलपासून सुरुवात करणाऱ्याने नॅटकडे यावे, म्हणजे अनेक कामे एकाच विमानाकडून करून घेण्याचा आग्रह आणि एकच काम हलक्या, स्वस्त विमानाकडून करून घेण्याचा आग्रह यांतला फरक दिसेल. मिग-२९ निवडणाऱ्याने त्याच्या शेजारी तेजस ठेवून हवेच्या तोंडांपासून तुलना सुरू करावी: मिग-२९ ची तोंडे जमिनीवर झडपांनी बंद होतात आणि इंजिन वरच्या बाजूच्या फटींतून हवा घेते, म्हणजे खराब धावपट्टीवरचे खडे आत जात नाहीत, तेजसला अशी झडप नाही, कारण त्याची तोंडे पंखांच्या आडोशाला वर बसवलेली आहेत आणि प्रत्येक किलो वजन वाचवणे तेथे महत्त्वाचे होते.