पहाटे पळताना टोपी कोणती घ्यावी?

डिसेंबर-जानेवारीत परभणीकडे पारा 5-6 अंशांवर येतो, आणि पोलीस भरतीची 1600 मीटरची तयारी करणारी पोरं तेव्हाच मैदानावर असतात. बरेच जण जाड माकडटोपी घालतात. बसून राहायला ती छान, पळायला नाही: दोन फेऱ्यांत डोकं घामानं भिजतं, थांबलं की तोच घाम गार पडतो. सुती टोपीही घाम धरून ठेवते. पातळ पॉलिस्टरची किंवा बारीक मेरिनो लोकरीची, कान पुरते झाकणारी टोपी घ्या. दुकानात कापड ओठांशी धरून फुंकर मारा; पलीकडं तळहाताला हवा लागली पाहिजे. नाक-तोंड मात्र मोकळंच ठेवा. सुरुवातीला थोडी थंडी वाजली तरी चालेल, अंग लवकर तापतं.