पॉवर स्टिअरिंगचा बॉक्स खोलताना: आधी खुणा, मग पाना

उसाचा सीझन संपला की गॅरेजच्या दारात ट्रकची लाइन लागते आणि बऱ्याच ड्रायव्हरांची तक्रार ठरलेली, स्टिअरिंग जड मारतंय नाहीतर बॉक्समधून ऑइल गळतंय. मग मालक म्हणतो खोला बॉक्स, टाका किट, म्हणजे नव्या सील-रिंगांचा संच. खोलायला खरं तर काही लागत नाही हो, चार बोल्ट इकडचे चार तिकडचे, दोन तासांत सगळं टेबलावर. पण कुठला दात कुठल्या खाचेत होता, बॉल किती होते, स्क्रू किती आटे आत होता हे खोलतानाच लिहून नाही ठेवलं तर नवं किट टाकूनही गाडी एका बाजूला कमी वळते आणि परत सगळं उघडायची वेळ येते. म्हणून हे लिहितोय ते मुख्यतः खोलण्याबद्दल.

बोलतोय ते ट्रक-टेम्पोच्या बॉक्सबद्दल, ज्यात पॉवर बॉक्सच्या आतच असते. पंपाचं प्रेशर आत येतं, पिस्टनला ढकलतं, पिस्टनच्या अंगावर रॅकचे दात, ते सेक्टर शाफ्ट (दात असलेला शाफ्ट) फिरवतात आणि त्याच्या टोकाला ड्रॉप आर्म, म्हणजे चाकांकडे जोर नेणारा दांडा. पिस्टनच्या पोटातून वर्म (आट्यांसारख्या खाचा असलेला दांडा) जातो आणि दोघांच्या मध्ये बॉल फिरत राहतात. कारच्या रॅकची रचना वेगळी, आणि ज्या गाडीत स्टिअरिंगला मोटर आहे तिथे ऑइलचा संबंधच नाही, त्यामुळे ते इथे शोधू नका.

पहिली गोष्ट, दोष बॉक्सचाच आहे का ते बघा. ऑइल किती आहे, फेस येतोय का, पुढच्या टायरात हवा आहे का, हे बघायला पैसे लागत नाहीत. मग ड्रॅग लिंक, म्हणजे ड्रॉप आर्मकडून चाकाकडे जाणारा दांडा, ड्रॉप आर्मपासून सोडवा आणि इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग फिरवा. बॉक्स हलका फिरला तर खाली किंग पिन (जिच्यावर पुढचं चाक वळतं ती) सुकलीय, ग्रीस नाही, बॉक्स खोलून काही होणार नाही. दोन्ही बाजूंना सारखंच जड असेल तर आधी पंपाकडे आणि टाकीतल्या फिल्टरकडे बघा. एकाच बाजूला जड आणि दुसरीकडे ठीक, असं असेल तर मात्र बहुतेक वेळा बॉक्सच, म्हणजे पिस्टनची रिंग नाहीतर व्हॉल्व्ह. आणि ड्रॉप आर्मच्या बाजूनं ऑइल टपकत असेल तर सेक्टर शाफ्टचं सील गेलंय हे उघडच आहे.

गाडीवरून काढायच्या आधी चाकं सरळ करा, मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा, पुढून जॅकवर घेऊन घोडी (स्टँड) लावा, नुसत्या जॅकवर खाली शिरू नका. आता ड्रॅग लिंक सोडलेलीच आहे तर इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग एका लॉकपासून दुसऱ्या लॉकपर्यंत, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हळूच नेऊन फेरे मोजा, आमच्याकडच्या एका दहाचाकीचे पाच आणि पाव भरले होते, त्याचं निम्मं मागे आलात की तो बॉक्सचा मध्य. त्या जागेवर इनपुट शाफ्ट (स्टिअरिंगकडून बॉक्समध्ये येणारा) आणि बॉडीवर पांढऱ्या पेंटनं रेघ मारा, कॉलमच्या जॉइंटवर मारा, आणि ड्रॉप आर्म व सेक्टर शाफ्टच्या टोकावर तर पंचनं ठिपकाच मारा कारण पेंट ऑइलनं पुसला जातो. बॉक्स उतरवल्यावर वरचं स्टिअरिंग बांधून ठेवा, विशेषतः स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर, नाहीतर कोणीतरी केबिनमध्ये चढून गरगर फिरवतो आणि आतली गुंडाळीची वायर तुटते. पायपा काढल्या की पायपांच्या तोंडाला आणि बॉक्सच्या पोर्टला लगेच बूच. चिंधी कोंबू नका, तिचे धागे आत जातात आणि व्हॉल्व्हमध्ये बसतात.

ड्रॉप आर्म. इथे आपल्याकडे सगळ्यात जास्त अत्याचार होतात. नट आणि नटाचं लॉक काढल्यावर आर्म निघत नाही म्हणून गॅस मारायचा, लाल करायचा, घण घालायचा. तसं करू नका. तापवलेल्या आर्मचं पाणी उतरतं, म्हणजे तो मऊ पडतो किंवा पुढे कधीतरी तडकतो, आणि ड्रॉप आर्म तुटला म्हणजे चाकांचा आणि ड्रायव्हरचा संबंधच संपला. घण मारला की धक्का थेट आतल्या दातांना आणि बेअरिंगला. दोन पायांचा भक्कम पुलर लावा, ताण द्या, हलत नसेल तर ताण तसाच ठेवून चहा पिऊन या, परत पाव फेरा द्या. कडाक्कन आवाज करून सुटतो, तेव्हा समोर तोंड नको. तापवलेला किंवा वेल्डिंग केलेला आर्म दिसला तर मालकाला दाखवून बदलायलाच लावा, तिथे मी तरी ऐकत नाही.

बॉक्स जड असतो, दोघांनी उतरवा. टेबलावर घ्यायच्या आधी बाहेरून डिझेलनं आणि ब्रशनं इतका धुवा की पकडीच्या जागा चकचकीत दिसल्या पाहिजेत. खोलल्यावर आत गेलेली माती धुऊन निघत नाही, निघाल्यासारखी वाटते फक्त. मग पोर्ट खाली करून इनपुट शाफ्ट इकडून तिकडे फिरवत उरलेलं ऑइल डब्यात काढा, शेवटी परत मध्यावर आणा. त्या ऑइलकडे बघा. चांदीसारखी चमक दिसली तर आत धातू घासलाय, काळं रबर दिसलं तर सील किंवा पाइपचं अस्तर सुटलंय, आणि जळका वास आला तर गाडी फुल लॉकवर दाबून धरायची सवय आहे.

आता साइड कव्हर. त्याच्या मधोमध ॲडजस्टिंग स्क्रू आणि चेकनट असतो. चेकनटच्या वर किती आटे दिसतायत ते व्हर्नियरनं मोजून लिहा, मग चेकनट ढिला करून स्क्रू बाहेरच्या बाजूला सोडा म्हणजे दातांवरचा दाब जातो. बोल्ट काढण्याआधी सेक्टर शाफ्टच्या ड्रॉप आर्मकडच्या टोकावरची धूळ-सील काढा, गंज पॉलिश पेपरनं साफ करा आणि खाचांवर चिकटपट्टीचा एक वेढा द्या. ही पट्टी विसरलात तर तिथल्या धारदार खाचा बाहेर येताना आतल्या बेअरिंगच्या सुया ओरबाडतात. आता बोल्ट काढा आणि शाफ्टच्या टोकावर लाकडी मोगरीनं हलके ठोके द्या, कव्हरसकट शाफ्ट बाहेर येईल. येत नसेल तर जोर लावू नका, बॉक्स मध्यावर नाही एवढाच त्याचा अर्थ, इनपुट थोडं इकडे-तिकडे करून बघा, दात तोंडाशी सरळ आले की आपोआप सुटतो. आणि सुटल्यासुटल्या आत डोकावून बघा, सेक्टरचा कुठला दात रॅकच्या कुठल्या खाचेत होता, दोन्हीकडे पंचचा बारीक ठिपका. मोबाइलवर फोटोही काढा, पण फोटो हाताशी नसतो तेव्हा ठिपकाच कामाला येतो. पिस्टनमध्ये किंवा बॉडीत लॉकजवळ प्रेशर सोडणारे छोटे पॉपेट असतात, त्यांच्या स्क्रूला हात लावू नका, ते नंतर सेट करावे लागतात आणि त्याची पद्धत त्या-त्या बॉक्सच्या मॅन्युअलमध्येच मिळते.

मग इनपुटच्या बाजूचं व्हॉल्व्हचं हाउसिंग. बॉडी आणि हाउसिंगवर रेघ मारून बोल्ट काढा आणि हाउसिंग, वर्म, पिस्टन सगळं एकत्र सरळ रेषेत ओढा. पिस्टन खालून हातानं धरा. तो वर्मवरून फिरत टोकाला गेला तर बॉल आतल्या आत सुटतात. आणि तिरकं ओढलंत तर पिस्टनची टेफ्लॉनची रिंग बोअरच्या कडेला अडकते, रिंग बदलायचीच आहे पण बोअरला ओरखडा पडला तर बॉडीच गेली.

बॉलच्या बाबतीत मी स्वतः फटका खाल्लाय. नवीन होतो, पिस्टनवरची गाइडची (बॉल परत फिरवणाऱ्या नळीची) क्लिप व्हाइसमध्ये उभ्यानंच खोलली, खाली काही नाही, आणि बॉल टण टण करत सिमेंटच्या जमिनीवरून गटारीच्या जाळीपर्यंत गेले. मॅग्नेट घेऊन संध्याकाळपर्यंत शोधले, एक कमीच, आणि किती होते हेच मोजलं नव्हतं म्हणजे एक कमी की दोन तेही कळेना. बाजारातून त्याच मापाचा म्हणून एक आणून टाकायचा विचार होता, पण आमच्या मिस्त्रींनी हातातला पानाच काढून घेतला. हे बॉल वर्मच्या खाचेला मायक्रॉनमध्ये जुळवून निवडलेले असतात, एक मोठा पडला की सगळा भार त्याच्यावर. काही बॉक्समध्ये तर मुद्दाम दोन मापाचे बॉल एकाआड एक भरलेले असतात, काळे थोडे लहान आणि चकचकीत थोडे मोठे. त्यामुळे पिस्टन आडवा ठेवा, खाली जुनी पांढरी चादर घातलेला ट्रे, क्लिप काढा, गाइड उचला, वर्म हळू फिरवा, बॉल एकेक पडतील ते मोजा आणि आकडा ट्रेवरच मार्करनं लिहा. एकही कमी असेल किंवा खड्डा पडलेला असेल तर पूर्ण सेटच घ्यायचा.

व्हॉल्व्हपाशी थांबा. इनपुट शाफ्टच्या आत एक बारीक टॉर्शन बार असतो, ड्रायव्हरनं स्टिअरिंगला जोर लावला की तो काही अंश पिळतो आणि तेवढ्यावर व्हॉल्व्ह उघडून ऑइल एका बाजूला जातं. हा बार पिनेनं बसवलेला असतो आणि तो कंपनीत मशीनवर मध्य साधूनच बसवतात. ती पिन ठोकून काढली की गाडी कायमची एका बाजूला ओढणार, गॅरेजमध्ये तो मध्य परत मिळत नाही. बाहेरच्या टेफ्लॉन रिंगा आणि ओ-रिंगा बदलायच्या, तेवढंच. रिंग काढताना स्क्रू ड्रायव्हर नको, बांबूची काडी तासून घ्या, फार छान काम करते. प्रत्येक टेफ्लॉन रिंगेच्या खाली एक ओ-रिंग लपलेली असते, ती राहून गेली तर नवी रिंग वर उचलल्यासारखी बसते.

सगळं स्वच्छ केरोसिनमध्ये धुवा, हवेनं वाळवा, बेअरिंग हवेनं गरगरवू नका. मग उजेडात न्या. सेक्टर शाफ्टवर सील जिथे घासतं तिथे नख फिरवा, नख अडकलं तर नवं सीलही महिन्यात गळणार. मधल्या दातावर खड्डे किंवा पायरी दिसली तर शाफ्ट बाद, कारण सरळ रस्त्यावर सगळी झीज तिथेच होते. तिथला प्ले ॲडजस्टिंग स्क्रूनं काढत बसलं तर मध्यावर ठीक वाटतं आणि वळणावर आवळतं. वर्मच्या खाचेत बॉलचे ठसे, बोअरमध्ये उभे ओरखडे, बेअरिंगमध्ये गळालेली सुई, यातलं काहीही असेल तर मालकाला फोन करून सांगा की फक्त किटमध्ये भागणार नाही, आणि पुढचं काम त्यानं हो म्हटल्यावरच.

किट आणायला जाताना बॉक्सवरच्या पट्टीचा नंबर लिहून न्या, नुसतं गाडीचं मॉडेल सांगू नका, एकाच मॉडेलला वेगवेगळे बॉक्स येतात. जुनं सेक्टर सील खिशात टाका आणि दुकानातच नव्याशी लावून बघा. तोवर ट्रेवर दुसरी चादर टाका, बॉलचा आकडा वर दिसेल असा.