कारचे इंजिन ऑइल आणि फिल्टर केव्हा बदलावेत?

बऱ्याच पेट्रोल कारच्या माहितीपुस्तिकेत इंजिन ऑइल १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेव्हा बदलावे, असे लिहिलेले असते. त्यातली वर्षाची अट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. ज्यांची गाडी वर्षभरात जेमतेम ३,००० किलोमीटर धावते, ते ‘रनिंगच कुठे झाले आहे?’ म्हणत सर्व्हिस पुढे ढकलतात. वास्तविक घर ते मंडई एवढ्याच फेऱ्या मारणारे इंजिन पुरेसे तापत नाही, त्यामुळे ज्वलनातले पाणी आणि न जळलेले थोडे पेट्रोल ऑइलमध्येच साठत जाते व त्याची वंगणक्षमता घटते. सतत वाहतूक कोंडीत किंवा धुळीत चालणाऱ्या गाड्यांसाठी अनेक पुस्तिकांत याहून कमी अंतराचे वेगळे वेळापत्रक असते. आपल्या शहरांतल्या बहुतेक गाड्या त्याच वर्गात मोडतात.

ऑइल काळे पडले म्हणजे संपले, हा समज मात्र खरा नाही. डिझेल इंजिनात काजळी धरून ठेवणे हे ऑइलचे कामच असल्याने ते लवकर काळे दिसते. रंगापेक्षा पातळी पाहावी: गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) काढावी, फडक्याने पुसून पूर्ण आत घालावी आणि पुन्हा काढून ऑइल दोन खुणांच्या मध्ये आहे ना, हे तपासावे. वरच्या खुणेच्या बरेच वर भरलेले ऑइल क्रँकशाफ्टने (इंजिनातल्या फिरत्या मुख्य दांड्याने) घुसळले जाऊन फेसाळते, म्हणून ‘थोडे जास्तच असू दे’ हा आग्रह धरू नये.

ऑइल फिल्टर दर वेळी ऑइलबरोबरच बदलावा आणि ड्रेन बोल्टचा (जुने ऑइल खालून काढण्यासाठी उघडतात त्या बोल्टचा) वॉशरही नवा घालावा. वॉशरला पैसे फारसे पडत नाहीत, गळती मात्र महागात जाते. एअर फिल्टरला सरसकट आकडा लागू पडत नाही. तो प्रत्येक सर्व्हिसला काढून उजेडासमोर धरावा आणि घड्यांतून उजेड दिसेनासा झाला असेल, तर मुदतीची वाट न पाहता बदलावा. कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नये. डिझेल फिल्टरमध्ये पाणी साचल्याचा दिवा डॅशबोर्डवर लागला, तर ते त्वरित काढून घ्यावे.

ऑइलचा ग्रेड पुस्तिकेतलाच घ्यावा. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या बीएस-६ (प्रदूषण मानक) डिझेल गाडीला कमी राख निर्माण करणारे ऑइल लागते, कारण ती राख डीपीएफमध्ये साचते आणि जळून जात नाही.