हरणांच्या हंगामाआधी घरातली नारिंगी जॅकेटं तपासा

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरणांची शिकार करण्याचा नऊ दिवसांचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या अमेरिकन सणाच्या) आधीच्या शनिवारी सुरू होतो. मुलाबाळांना घेऊन जाणार असाल तर बंदुकीइतकंच लक्ष कपड्यांकडे द्या, आणि तेही ऑक्टोबरातच. इतर शिकाऱ्यांना माणूस लांबून ओळखू यावा म्हणून नियमानुसार कमरेच्या वरच्या बाहेरच्या कपड्यांचा निम्मा भाग तरी झगझगीत नारिंगी हवा. 2016 पासून झगझगीत गुलाबीही चालतो. टोपी घातली तर तीही किमान निम्मी याच रंगाची.

सगळ्यांना पूर्ण पेहराव चढवून अंगणात उभं करा, म्हणजे घोळ लक्षात येतात. थंडी वाजते म्हणून पोरांना वरून तपकिरी जाड कोट घातला की नारिंगी बंडी आत गडप! बंडी एक माप मोठीच घ्या, कोटावरून चढेल अशी. पाठीला सॅक अडकवल्यावर मागून किती नारिंगी उरतं तेही बघा. उन्हाने विटलेलं जुनं जॅकेट, कितीही लाडकं असलं तरी, बाद करा.

हरीण बिचकेल ही भीती नको. नारिंगी आणि हिरवा यांतला फरक त्याला फारसा कळत नाही. निळसर चमक मात्र चांगली दिसते, म्हणून हे कपडे शुभ्रतेची चकाकी आणणाऱ्या डिटर्जंटने धुऊ नका.

आणि हो, 1 जानेवारी 1973 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना, अनुभवी शिकाऱ्याच्या देखरेखीखाली जाणारे सोडून, परवान्यासाठी शिकार-सुरक्षेचा कोर्स लागतो. त्याची नावनोंदणी आधी उरका.