परतीचा पाऊस लांबतोय: माण-जतच्या कोरडवाहू रानासाठी आणि मेंढपाळांच्या वाड्यांसाठी सल्ला

सातारा-सांगलीच्या माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात रब्बीचा हिशेब उत्तरा-हस्त नक्षत्रांच्या पावसावर बसायचा. आता हा पाऊस वेळ पाळत नाही. हवामान विभागाने 2020 साली मान्सून परत फिरण्याची सर्वसाधारण तारीख 1 सप्टेंबरवरून 17 सप्टेंबरवर नेली. ती पश्चिम राजस्थानची. आपल्याकडून पाऊस जायला ऑक्टोबर उजाडतो. ऐन पेरणीत ढग डोक्यावर असणार, हे धरूनच चाला.

रब्बी ज्वारीच्या पेरणीचा काळ 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर. सगळं रान एका दमात पेरू नका. हलकं रान ओल लवकर सोडतं, म्हणून ते आधी; भारी काळं रान नंतर घेतलं तरी चालतं. मात्र फार आगाप पेरली की खोडमाशी डोकं वर काढते. वाण रान पाहून निवडा: हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. जुनी मालदांडी ज्वारी सोडवत नसेल तर सोडू नका, तिच्या कडब्याला आजही तोड नाही. एकरी 4 किलो बियाणं, दोन ओळींत 45 सेंटिमीटर अंतर. काणी हा कणसाचा रोग येऊ नये म्हणून किलोला 4 ग्रॅम गंधक चोळा. पुढे तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी हवीच. शेवटची दातेरी कोळप्याने केली की भेगा बुजतात आणि ओल टिकते. बिनपाण्याच्या ज्वारीला हेच पाणी.

रब्बीसाठी पड ठेवलेलं रान आणि गावी असलेली मेंढरं, दोन्ही सप्टेंबरच्या आरंभी एकत्र सापडतात. तेव्हाच खतासाठी रानात मेंढरं बसवून घ्या. वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, रोज पुढे सरकवायला सांगा, नाहीतर एका कोपऱ्यात लेंड्यांचा थर आणि बाकी रान कोरडं राहतं. वाडा, म्हणजे कळपासह फिरणाऱ्या मेंढपाळांचा मुक्काम, उठला की लगेच कुळव घाला. उन्हात पडलेल्या लेंडी-मुतातलं नत्र उडून जातं. मोबदला धान्यात की पैशात, ते आधीच ठरवा. टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं पाणी आलेल्या गावांत ऊस-द्राक्षं वाढली आणि चरायला मोकळं रान कमी झालं. त्यामुळे अशी बोली आता शेतकऱ्याइतकीच मेंढपाळाच्याही गरजेची आहे.

दिवाळीच्या आसपास वाडे बाहेर पडतात. आंत्रविषार (आतड्याची विषबाधा) आणि पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य साथरोग) यांच्या लशी राहिल्या असतील तर निघायच्या दोन-तीन आठवडे आधी टोचून घ्या. वाटेत टोचून लगेच गुण येत नाही. जंताचं औषध जनावरांच्या डॉक्टरांना विचारूनच. खुरं कुजली तर मोरचुदाच्या (तांब्याच्या क्षाराच्या) पाण्यातून मेंढरं चालवतात, पण ते पाणी त्यांच्या तोंडी जाऊ देऊ नका. मेंढीला तांबं फार लवकर बाधतं. तासगाव-कवठेमहांकाळकडच्या द्राक्षबागेत बोर्डोची (मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाची) फवारणी झाली असेल तर खालचं गवत कितीही हिरवं दिसो, तिथे चारू नका. ज्वारी कापलेल्या रानातले कोवळे फुटवेही तसेच घातक, विशेषतः पाण्याचा ताण बसलेले.

अवकाळीचा धोका आता हिवाळ्यातही असतो. डिसेंबर 2021 च्या सुरुवातीच्या पावसात पुणे-नगर भागात शेकडो मेंढरं गारठून दगावली. म्हणून पावसाचा अंदाज असेल तर लोकर कातरू नका. नुकतीच कातरलेली मेंढी भिजली की तग धरत नाही. वाड्याच्या घोड्यावर एक जाड ताडपत्री जास्तीची ठेवा, आणि पाऊस लागला की आधी कोकरं आत घ्या. मुक्काम ओढ्याच्या पात्रात नको, जरा उंचवट्यावर आणि वाऱ्याच्या आडोशाला हवा.

वाड्यात एक तरी फोन चार्ज असू द्या. मेघदूत ॲपवर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा हवामान-शेती सल्ला मराठीत मिळतो, तर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप जवळपास वीज पडण्याचा इशारा देतं. इशारा आला की कळप एकट्या झाडाखाली गोळा करू नका, पांगू द्या.