मानसशास्त्राच्या ऑनर्स प्रबंधासाठी मार्गदर्शक कसा शोधावा

पदवीच्या शेवटच्या वर्षी ऑनर्स प्रबंध लिहायचा म्हटले की बहुतेक विद्यार्थी आधी विषय पक्का करतात आणि मग त्यासाठी मार्गदर्शक शोधू लागतात. मानसशास्त्रात तरी हा क्रम उलटा ठेवलेला बरा. प्रस्ताव, नैतिकता समितीची (माणसांवरील संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीची) मान्यता, सहभागींची जमवाजमव, विश्लेषण आणि लेखन हे सारे साधारण दोन सत्रांत उरकायचे असते. ज्या प्राध्यापकांकडे चाचण्या, उपकरणे किंवा आधी गोळा केलेला डेटा तयार आहे, त्यांच्या कामाच्या परिघातला प्रश्न निवडला तर निम्मी वाट आधीच चालून झालेली असते.

शोधाला प्रबंधाच्या आदल्या सत्रातच लागावे, कारण एक प्राध्यापक मोजकेच विद्यार्थी घेऊ शकतात. सर्वप्रथम विभागाचे नियम वाचून कोणाला मार्गदर्शन करण्याचा अधिकार आहे, गुणांची अट काय आहे आणि संशोधन पद्धती व सांख्यिकीचे कोणते अभ्यासक्रम पूर्ण झालेले असावे लागतात, हे पाहून घ्यावे.

त्यानंतर पाच-सहा नावांची यादी करावी. वर्गात विकृती मानसशास्त्र शिकवणाऱ्या बाईंचे संशोधन प्रत्यक्षात स्मृतीवर असू शकते, म्हणून शिकवण्याच्या विषयावरून अंदाज बांधू नये. विभागाने दिलेली ओळखही अनेकदा जुनी असते. गुगल स्कॉलरवर नाव शोधून गेल्या तीन-चार वर्षांतले लेख पाहावेत आणि प्रत्येकाचे निदान दोन लेख खरोखर वाचावेत. त्यातही पद्धतीचा भाग आणि शेवटी मांडलेल्या मर्यादा विशेष लक्ष देऊन वाचाव्यात, कारण ऑनर्सच्या आवाक्यातले प्रश्न बहुधा तिथेच सापडतात.

वाचताना सहभागी कुठून येतात याकडे लक्ष असू द्यावे, कारण पुष्कळ चांगल्या कल्पना इथेच अडतात. दोन स्वतंत्र गटांच्या सरासरींमधला मध्यम आकाराचा फरक (कोहेनचा डी, म्हणजे प्रमाण विचलनाच्या पटीत मोजलेला फरक, ०.५) पाच टक्के सार्थकता पातळीवर (नसलेला फरक आहे असे ठरण्याची शक्यता पाच टक्के) आणि ८० टक्के सांख्यिकीय शक्तीने (असलेला फरक सापडण्याची शक्यता ८० टक्के) शोधायचा असेल, तर प्रत्येक गटात ६४, म्हणजे एकूण १२८ सहभागी लागतात. फरक लहान (०.२) असेल तर हीच संख्या प्रत्येक गटात ३९० च्या वर जाते. एकट्या विद्यार्थ्याला हे क्वचितच झेपते. रुग्ण किंवा लहान मुले सहभागी असतील तर नैतिकता समितीची छाननीही अधिक काटेकोर होते. त्यामुळे जिथे सहभागी मिळवण्याची व्यवस्था आधीच आहे किंवा उपलब्ध डेटाचे नव्याने विश्लेषण करता येते, तिथे पहिला ईमेल पाठवणे शहाणपणाचे ठरते.

ईमेल आठ-दहा ओळींचाच असावा. आपण कोण, त्यांचा कोणता लेख वाचला, त्यातून कोणता प्रश्न पडला, सांख्यिकीत काय शिकलो आहोत आणि प्रबंध कधी सुरू करायचा आहे, एवढे पुरे. ‘आपल्या लेखात झोपेची नोंद सहभागींच्या सांगण्यावरून घेतली आहे, रोजनिशी वापरली तर निष्कर्ष तेच राहतील का, हे तपासावेसे वाटते. याविषयी बोलायला वीस मिनिटे मिळतील का?’ अशा वाक्याने जे साधते, ते ‘मला आपल्या संशोधनात खूप रस आहे’ याने कधीच साधत नाही. एकच मजकूर सर्वांना पाठवू नये. आठ-दहा दिवसांत उत्तर आले नाही तर एकदा नम्रपणे आठवण करावी.

भेटीत आपणही प्रश्न विचारायचे असतात, आणि ते विचारायला संकोचू नये. भेटी किती दिवसांनी होतील, रोजच्या अडचणी पीएच.डी.चे विद्यार्थी सोडवतील की स्वतः प्राध्यापक, वर्षभरात त्यांची दीर्घ रजा आहे का, प्रश्न स्वतः मांडता येईल की चालू प्रकल्पातला एखादा भाग घ्यावा लागेल, आणि पुढे लेख प्रसिद्ध झाल्यास लेखक म्हणून नाव कसे ठरेल, हे सुरुवातीलाच स्पष्ट झालेले बरे. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना मात्र ‘सर कसे आहेत?’ असे विचारण्यापेक्षा ‘मसुदा तपासून परत यायला किती दिवस लागायचे?’ असे विचारावे. माझ्या मते नावाजलेल्या पण सतत दौऱ्यावर असलेल्या प्राध्यापकांपेक्षा, दर पंधरवड्याला तासभर देणारे तरुण अध्यापक ऑनर्ससाठी अधिक उपयोगी पडतात.

नकार मिळाला तर तो बहुधा जागा भरल्यामुळे असतो. अशा वेळी ‘या प्रश्नासाठी आणखी कोणाला भेटू?’ एवढे जरूर विचारावे. होकार मिळाला तर ठरलेल्या गोष्टी त्याच दिवशी ईमेलने लिहून पाठवाव्यात, विभागाच्या अर्जावर स्वाक्षरी घ्यावी आणि ज्यांच्याशी बोलणे सुरू होते त्या इतर प्राध्यापकांना लगेच कळवावे, म्हणजे त्यांच्याकडची जागा दुसऱ्या विद्यार्थ्यासाठी मोकळी होते.